शॉर्टहँडच्या सरांनी दिलेली गोळी

माझी पहिली नोकरी मला एका गोळीनं मिळवून दिली. ही गोष्ट मी आजवर दोनच माणसांना सांगितली आहे. एक माझा नवरा. तो ऐकून म्हणाला, "एवढंच होय?" दुसऱ्या माणसाला सांगायला मला अकरा वर्षं लागली.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझे वडील बिद्रीकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. मी मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मला कोल्हापूरला मावशीकडे ठेवलं. कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला होता आणि मराठी शॉर्टहँड येणाऱ्या मुलींना बोलावून नोकऱ्या देतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मावशी मंगळवार पेठेत राहायची. क्लास लक्ष्मीपुरीत, एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर. खाली दुकानदार कागदाची रिमं मोजत असायचा, वर बारा टाइपरायटर एकदम वाजायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, इथं माणसं एकमेकांचं बोलणं ऐकतात तरी कशी.

सरांचं बोलणं मात्र ऐकू यायचं. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात काळ्या दोरीचं स्टॉपवॉच. ते उतारा वाचायला लागले की आवाज वर जायचा नाही की खाली यायचा नाही. मिनिटाला ऐंशी शब्द म्हणजे ऐंशीच, शंभर म्हणजे शंभरच. आपण वहीवर रेघा, टिंबं, अर्धी वर्तुळं काढत जायची आणि नंतर ती वाचून मशीनवर उतरवायची. माझ्या पहिल्या महिन्याच्या वहीकडे बघून ते म्हणाले होते, "हात चांगला आहे तुझा. रेघ थरथरत नाही." आमच्या घरात आजवर माझ्या कशालाच कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. घरी अभ्यासाचं कौतुक भावाच्या वाट्याचं, माझ्या वाट्याला भाकरी गोल होतात का नाही एवढंच. त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगले म्हटलं तरी चालेल. सर सांगतील ते करायचं, एवढंच मला कळायचं.

माझ्या शेजारी बसायची ती जयसिंगपूरची मुलगी. रोज सकाळच्या गाडीनं यायची, दुपारच्या गाडीनं जायची. तिचे अब्बा तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. उंच, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. तिच्याकडे नेहमी दोन पेन्सिली टोक काढून तयार असायच्या, कारण माझं टोक ऐन उताऱ्यात मोडतं हे तिला ठाऊक होतं. क्लास सुटला की आम्ही स्टेशनच्या बाकावर बसायचो. ती पेपर वाचायची आणि मी लिहायचे, मग मी वाचायचे आणि ती लिहायची. गाडी येईपर्यंत हेच. माणसं थांबून बघायची. एकदा एका फेटेवाल्यानं विचारलं, "पोरींनो, भांडताय व्हय गं?" इतक्या जोरात आणि भरभर आम्ही वाचायचो.

आम्ही दोघी एकशेवीसच्या स्पीडला बसलो होतो. सात मिनिटं, मिनिटाला एकशेवीस शब्द. तिची तयारी हळूहळू पण पक्की होत होती. माझं वेगळंच. तीन मिनिटं मी तिच्या पुढं असायचे आणि चौथ्या मिनिटाला एखादा शब्द अडायचा. तो अडला की मी त्याच्यापाशीच थांबायचे, आणि भानावर यायचे तोवर सर पाच ओळी पुढं गेलेले असायचे. महिने गेले, पण ते चौथं मिनिट काही मला ओलांडता येईना.

त्यातच जिल्ह्यातल्या एका मोठ्या कचेरीत मराठी लघुलेखकाची एक जागा निघाली. चाचणी घेऊन माणूस घेणार होते. शहरात आणखी एक क्लास होता आणि त्यांची मुलं तयारीची होती. सरांनी त्या आठवड्यापासून एक दिवसाआड सराव परीक्षा सुरू केली. दुसऱ्या परीक्षेनंतर त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं.

"हात ठीक आहे. डोकं भरकटतंय. डोक्याला शक्ती पाहिजे तुझ्या," ते म्हणाले. "परवा अर्धा तास आधी ये."

मी गेले. टेबलाच्या खणात तपकिरी काचेची छोटी बाटली होती. तिच्यावरचा कागद निघालेला होता. त्यांनी एक पांढरी गोळी माझ्या हातावर ठेवली. "बी-कॉम्प्लेक्ससारखंच असतंय. अभ्यास करणाऱ्यांना डॉक्टर देतातच. चहाबरोबर घे."

मी घेतली. सरांनी दिलेला खडू असता तरी मी खाल्ला असता.

त्या दिवशी जे झालं ते मला अजून लख्ख आठवतं. सरांनी वाचायला सुरुवात केली आणि मला वाटलं, आज सर हळू वाचताहेत. शब्द एकेक करून, सुटे सुटे, माझ्या समोर येत होते. चौथं मिनिट कधी आलं आणि गेलं ते कळलंच नाही. खालच्या दुकानातलं बोलणं ऐकू येत होतं, तरी मन तिकडं जात नव्हतं. सात मिनिटं झाल्यावर सरांनी घड्याळ दाबलं तेव्हा मला अजून लिहायचं होतं. पाच चुका. सरांनी वही वर धरून सगळ्यांना दाखवली. जयसिंगपूरच्या मैत्रिणीनं माझा दंड दाबला आणि म्हणाली, "सुटली बघ तुझी गाठ."

मलाही तसंच वाटलं. आपल्या डोक्याला पडलेली गाठ सुटली. आपण मुळात अशाच होतो, नुसतं कमी खाण्यापिण्यामुळं अडलं होतं.

त्यानंतर प्रत्येक सराव परीक्षेला गोळी. संध्याकाळी मात्र जीव घाबराघुबरा व्हायचा, तोंड सुकायचं, आणि रडायला काही कारण नसताना रडू यायचं. मावशीच्या ते लगेच नजरेत आलं. "व्हय गं, जेवत न्हाईस, नुसती ताटात बोटं फिरवतीस. आन् दात का खातीयास सारखी? कुणी काय बोललं काय तुला?" मी म्हटलं, परीक्षेची काळजी. मावशीनं माझ्या हनुवटीला हात लावून जबडा चेपून बघितला, जणू दाताचंच दुखणं असावं.

एकदा सरांनी मला दोन गोळ्या कागदात बांधून दिल्या. रविवारी घरी सराव कर म्हणाले. मी एक घेतली आणि एक तिच्यासाठी ठेवली. आता आठवलं की मला माझीच कीव येते. मला वाटत होतं, मी माझ्या मैत्रिणीला वाटणीतला चांगला भाग देतेय. सोमवारी स्टेशनच्या बाकावर मी ती पुडी तिच्या हातात दिली.

"शक्तीची गोळी हाय. सर देतात. तू पण घे की, आपण दोघी पाच चुकांत येऊ."

तिनं पुडी उघडली, चष्मा वर करून गोळी डोळ्याजवळ नेली. "तुला कधीपासून देतात?"

"तीन आठवडे."

"मला नाही कधी दिली," ती म्हणाली. रागावून नाही, नुसतं. मग पुडी तिनं पिशवीत ठेवली. "अब्बांना विचारून घेते. मला औषधं सोसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती गाडीतून उतरली ती थेट माझ्याकडे आली नाही. मी क्लासच्या जिन्यापाशी वाट बघत होते. ती आली, आणि मला बाजूला, दुकानाच्या फळ्यांच्या आड घेऊन गेली.

"ही शक्तीची गोळी नाही. अब्बांनी बघताक्षणी ओळखली. लठ्ठ बायकांना भूक मारायला देतात, तीही डॉक्टर विचार करून देतात. डोकं पळवते, झोप उडवते, सवय लागते. अब्बा म्हणाले, पोरीला सांग, एकदम बंद कर, आणि कुणी दिली त्याला विचार." मग तिनं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "देवाशप्पथ न्हाई."

ती म्हणाली, "बरं. मग नाही." तिनं विश्वास ठेवला. तिचा विश्वास असाच होता, एकदा ठेवला की त्याच्यावर पुन्हा बोलणं नाही.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर मी सरांपुढं उभी राहिले.

"सर, ती गोळी कसली हाय?"

त्यांनी मान वर केली नाही. "का? काम करत नाही?"

"भूक मारायची हाय म्हणतात. सवय लागते म्हणतात."

"म्हणतात!" त्यांनी पेन खाली ठेवलं. सर एरवी पुस्तकासारखं बोलायचे, पण चिडले की त्यांची भाषा आमच्यासारखी व्हायची. "औषधाच्या दुकानात मिळती ती. इष हाय व्हय? च्या पितीस का न्हाईस? सकाळी च्या मिळाला न्हाई तर चालतंय डोकं तुझं? तालमीतला पैलवान बदाम खातोय, दूध पितोय, त्याला कोण लबाड म्हणतंय? आन् रेघा कोण काढतंय, तूच का न्हाई? गोळी येऊन रेघा काढती काय?"

त्याचं मला उत्तर सुचलं ते कितीतरी वर्षांनी, एसटीत खिडकीशी बसले असताना, काही कारण नसताना. पैलवानाला ठाऊक असतं तो काय खातोय. आणि समोरच्या पैलवानालाही ठाऊक असतं. पण त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, "तुम्ही शक्तीची म्हणाला होता."

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"मग तिला का न्हाई दिली?"

सर क्षणभर सुद्धा थांबले नाहीत. "तिला गरज नाही," ते म्हणाले. "ती येणारच आहे वर. मला पहिले दोन नंबर आपल्या क्लासचे पाहिजेत. त्या दुसऱ्या क्लासची पोरं मधे घुसायला नकोत. म्हणून तुला दिली."

ते हे इतकं सहज म्हणाले, की त्यात दुखावण्यासारखं काही आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नाही. खोटं बोलले याचा मला राग आला होताच. पण खरं बोलले तेव्हा जे झालं ते रागाच्या पलीकडचं होतं. हात चांगला आहे म्हणणाऱ्या माणसानं माझ्याबद्दल मनात केव्हाच निकाल देऊन टाकला होता. मी काही आपल्या आपण पोचणारी नाही, हे त्यांनी ठरवलं होतं आणि मला न सांगता माझ्या डोक्यात दुसरं डोकं बसवलं होतं. ती पाच चुकांची वही, सगळ्यांपुढं वर धरलेली. ती वही कुणाची होती?

मी मैत्रिणीला सांगितलं, "आता न्हाई घेणार." ती म्हणाली, "बास झालं मग." चाचणीला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत माझं चौथं मिनिट परत आलं आणि पहिल्यापेक्षा वाईट. कधी तिसऱ्यातच अडायला लागले. आधी मला नुसतं जमत नव्हतं. आता जमल्यावर कसं वाटतं ते कळलं होतं, आणि ते हातातून गेलं होतं.

चाचणीच्या दिवशी सर कचेरीच्या व्हरांड्यात आले होते. त्यांनी माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. "आता तुला ठाऊक आहे. घे, नाहीतर फेकून दे. मी सक्ती करत नाही," म्हणाले आणि दुसरीकडे जाऊन उभे राहिले.

माझी मैत्रीण बाकावर बसून पदरानं चष्मा पुसत होती. चष्म्याशिवाय तिला लांबचं दिसत नसे. नळ चार पावलांवर होता. मी गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि गोळी गिळली. कुणी ढकललं नाही, कुणी फसवलं नाही. आधीच्या सगळ्या गोळ्या सरांच्या नावावर टाकता येतात. ही टाकता येत नाही.

निकाल दुपारीच लागला, तोवर मी तिच्याशी बोलतच होते. माझ्या तीन चुका आल्या. तिच्या नऊ. दुसऱ्या क्लासचा मुलगा तिसरा. जागा एकच होती.

ती माझ्याजवळ आली, माझा हात दोन्ही हातांत घेतला, म्हणाली, "मिळवलंस की गं." आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेली. पुढच्या आठवड्यात ती क्लासला आली नाही. जयसिंगपूरलाच एका व्यापाऱ्याकडे टायपिंगचं काम मिळालं, असं दुसऱ्या मुलीकडून कळलं. सरांनी जिन्याशी फळा लावला. 'आमच्या क्लासची विद्यार्थिनी प्रथम.' खाली माझं नाव, पांढऱ्या रंगानं रंगवलेलं. मावशीनं येऊन तो फळा बघितला. तिला वाचता येत नव्हतं. माझं नाव कुठलं ते तिनं विचारलं आणि त्यावरनं बोट फिरवलं.

कचेरीत गेल्यावर कळलं, की तिथं एकशेवीसची गरजच नाही. साहेब एक वाक्य सांगायचे, खोकायचे, मागचं वाक्य खोडायला लावायचे. साठच्या स्पीडवरही भागलं असतं. अडचण व्हायची ती महिन्याच्या मोठ्या बैठकीत. तिथं माणसं एकमेकांवर ओरडायची आणि मला सगळं उतरवायचं असायचं. दोनदा माझी टिपणं अर्धवट राहिली. साहेब म्हणाले, "चाचणीला तर तुम्ही विजेसारख्या होता म्हणे." आणि तिसऱ्या बैठकीच्या आधी, सांगायला लाज वाटते, मी गोळी मागायला सरांकडे गेले.

सकाळची वेळ होती. सरांच्या टेबलापाशी विशीतली एक नवी मुलगी उभी होती, हातात चहाचा कप. सर तिला म्हणत होते, "हात ठीक आहे. डोक्याला शक्ती पाहिजे तुझ्या." शब्द तेच, सूर तोच. मला जे खास माझ्यासाठी काढलेलं वाक्य वाटलं होतं, ते सर उताऱ्यासारखं पाठ म्हणत होते. माझ्या आधी किती जणींना म्हटलं असेल आणि किती जणांना.

मला बघून ते हसले. मी हळूच मागितलं तर म्हणाले, "आता कशाला? लागली की नोकरी तुला." त्यांचं काम झालं होतं.

मी खाली येऊन त्या मुलीसाठी थांबले. ती उतरली तसं तिला सांगितलं, ही गोळी घेऊ नको, ही शक्तीची नाही. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. फळ्यावरचं नाव माझंच हे तिला ठाऊक असावं.

"तुम्ही घेतलीसा की," ती म्हणाली. "लागली की तुमास्नी नोकरी."

मी तशीच कचेरीकडे निघाले.

त्या दिवसापासून मी रेडिओवरच्या सकाळी सातच्या मराठी बातम्या लिहायला लागले. मावशी समोर बसून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघायची आणि मिनिट झालं की "हां" म्हणायची. बातम्या संपल्या की मी तिच्याकडून हिशेब ऐकायचे, "धा येळा हां म्हटलं बघ." चौथं मिनिट अडायचं. अडू दे म्हणायचे, तो शब्द सोडून पुढं जायचे. सोडून पुढं जायचं, एवढीच ती गोष्ट होती आणि ती मला कुणीच शिकवली नव्हती. सव्वा वर्षानं मी एकशेवीसला पोचले, नुसत्या चहावर. ज्या दिवशी पोचले त्या दिवशी मावशीनं शिरा केला आणि मी तो खाता खाता रडले. तिला वाटलं आनंदानं. मला ते येणारच होतं. सव्वा वर्ष लागलं असतं, एवढंच. ती जागा तिला गेली असती आणि पुढची एखादी माझी असती. सरांनी मला जे दिलं ते माझ्याजवळ होतंच. त्यांना नुसती घाई होती.

सर पुढं आठ-नऊ वर्षांनी वारले. कचेरीतले लोक म्हणाले, तुमचे गुरू गेले, जायचं नाही का? मी रजा टाकली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी कामासाठी जयसिंगपूरला जाणं झालं. काम दुपारीच उरकलं. बाजारपेठेत एका ठिकाणी टायपिंग क्लासची पाटी दिसली आणि खिडकीतून ती दिसली. चष्मा जाड झाला होता. तिनं मला लगेच ओळखलं, बसायला खुर्ची दिली, मुलांबाळांची विचारपूस केली. लग्न झालं होतं, दोन मुली होत्या, क्लास तिचा स्वतःचा. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग एकदम म्हटलं, "त्या दिवशी मी गोळी घेतली होती."

तिनं मशीनवरचं झाकण काढायला घेतलं होतं. ते तिनं पूर्ण काढलं, घडी घातली, बाजूला ठेवलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्या दिवशी चाचणीनंतर किती बोलत होतीस तू. थांबतच नव्हतीस. गोळी घेतलेल्या दिवशीच तू अशी बोलायचीस."

"मग तू बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? मला वाटलं तूच सांगशील. आठ दिवसांत सांगशील, म्हटलं. मग म्हटलं दिवाळीला पत्र टाकशील. मग सोडून दिलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "अब्बांनी विचारलं होतं त्या दिवशी, कचेरीत जाऊन सांगू या का. मी म्हटलं, नाही घेतली तिनं. घेणार नाही म्हणाली होती, म्हणजे नाही घेतली. अब्बांशी मी तेवढं एकदाच खोटं बोलले."

मला तिचा हात धरायचा होता. पण तो मशीनच्या पलीकडे होता.

"आता तू सांगून मोकळी झालीस," ती म्हणाली. "बरं झालं. मी काय करू याचं?"

मुली यायला लागल्या होत्या, वह्या छातीशी धरून. ती उठली, प्रत्येकीच्या मशीनवर कागद सरळ लावून द्यायला लागली. आत जाताना म्हणाली, "चहा पिऊन जा." आपल्या धाकट्या लेकीच्या हाती तिनं चहा पाठवला. मी तो प्याले आणि बसून राहिले. तास संपला, त्या मुली गेल्या, दुसऱ्या आल्या. ती एकीच्या मागून दुसरीच्या मागं जात, चुका दाखवत होती. बाहेर आली नाही. मग मी कप खिडकीत ठेवला आणि स्टँडकडे निघाले.